ऑनलाइन लिलावातील खरेदी फसल्यास पैसे परत कसे मिळवावेत

ऑनलाइन लिलावात बोली लागली, पैसे भरले आणि वस्तू आलीच नाही, किंवा आली ती छायाचित्रात दाखवलेली नव्हती, अशा वेळी माणूस सर्वप्रथम विक्रेत्याला फोन लावतो, पुन्हा लावतो, आणि ‘दोन दिवसांत बघतो’ या उत्तरावर विसंबून आठवडा घालवतो. हा आठवडा फार महागात पडतो. पैसे परत मिळण्याचे मार्ग आपल्याकडे खरोखरच आहेत, पण प्रत्येक मार्गाची मुदत वेगळी आहे: एकाची तासांत मोजली जाते, दुसऱ्याची दिवसांत आणि तिसऱ्याची वर्षांत. आपल्या प्रकरणाला नेमका कोणता मार्ग लागू आहे हे पहिल्याच दिवशी ठरवणे, यावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून असते.

कोल्हापुरात अशी खरेदी करणारा वर्ग आता एकाच प्रकारचा राहिलेला नाही. जुनी घड्याळे, नाणी आणि कॅमेरे जमवणारे हौशी लोक आहेत; शिवाजी उद्यमनगरात किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत छोटे वर्कशॉप चालवणारे आणि वापरलेले लेथ मशीन शोधणारे कारागीर आहेत; शिवाय हप्ते थकल्यामुळे वित्तसंस्थांनी ओढून आणलेल्या गाड्यांवर बोली लावणारेही आहेत. या तिघांचे नुकसान वरवर सारखे दिसले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांची स्थिती सारखी नसते, म्हणून जिथे फरक पडतो तिथे तो पुढे सांगितला आहे.

आधी प्रकार ओळखावा

विक्रेता किंवा लिलावाचे संकेतस्थळच बनावट असेल, म्हणजे वस्तू मुळात अस्तित्वातच नसेल, तर ती फसवणूक आहे आणि तिचा मार्ग सायबर पोलिसांकडे जातो. विक्रेता खरा आहे, वस्तूही आली आहे, पण ती तुटलेली, नकली किंवा वर्णनाहून वेगळी आहे, किंवा ठरल्या वेळेत आलेली नाही, तर तो खरेदीतील वाद आहे. त्याचा मार्ग लिलावाचे संकेतस्थळ, कार्ड देणारी बँक आणि ग्राहक आयोग असा जातो. वादाची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेल्यास ‘हा दिवाणी मामला आहे’ असे सांगून परत पाठवले जाण्याची शक्यता असते, तर फसवणूक झालेली असताना विक्रेत्याशी ई-मेलवर घासाघीस करत बसल्यास तेवढ्या वेळात पैसे तीन-चार खात्यांतून फिरून निघून जातात.

तिसरा एक साधा प्रकार आहे, तो म्हणजे खात्यातून रक्कम वजा होऊनही समोरच्याला न पोचणे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार यूपीआयने व्यक्तीला पाठवलेली अशी रक्कम व्यवहारानंतरच्या एका दिवसात आणि व्यापाऱ्याला पाठवलेली रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने द्यायला हवी. त्यासाठी आपल्या बँकेत किंवा यूपीआय ॲपमध्ये तक्रार नोंदवणे पुरेसे असते.

फसवणूक असेल तर

पैसे गेल्याचे लक्षात येताच, त्याच क्षणी, 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. या हेल्पलाइनमागची व्यवस्था बँका, वॉलेट कंपन्या आणि पोलीस यांना एका साखळीत जोडते, आणि पैसे ज्या खात्यात गेले आहेत तिथे ते अजून शिल्लक असतील, तर ती रक्कम तिथेच रोखून धरता येते. पैसे एटीएममधून काढले गेले की ही शक्यता संपते. म्हणून रात्री अकरा वाजता फसवणूक लक्षात आली असेल, तर ‘सकाळी बँक उघडल्यावर बघू’ असा विचार करू नये. फोन करण्यापूर्वी आपला खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख, वेळ आणि रक्कम, तसेच यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक कागदावर उतरवून ठेवावा, कारण घाबरलेल्या अवस्थेत ॲपमध्ये हा क्रमांक शोधताना वेळ जातो. फोन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्र सरकारच्या पोर्टलवर हीच तक्रार नोंदवता येते. तक्रार नोंदल्यावर मिळणारा क्रमांक जपून ठेवावा. पुढची प्रत्येक चौकशी त्याच क्रमांकाने होते.

त्याच वेळी आपल्या बँकेलाही लेखी कळवावे आणि कार्ड किंवा नेट बँकिंगची माहिती दुसऱ्याच्या हाती गेली असल्यास ते बंद करून घ्यावे. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘तीन दिवसांत कळवले तर बँक सगळे पैसे भरून देते’ असे सर्रास सांगितले जाते. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात तसे संरक्षण आहे, पण ते ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे. लिलावाची रक्कम आपण स्वतः पिन टाकून पाठवली असेल, तर पाठवण्यामागे फसवणूक असली, तरी त्या परिपत्रकाचा आधार सहसा मिळत नाही. त्यामुळे अशा व्यवहारात 1930 वरचा फोन हाच खरा आधार राहतो.

यानंतर गुन्हा नोंदवावा. कोल्हापुरात सायबर पोलीस ठाणे आहे. शाहूपुरी, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी किंवा आपल्या हद्दीतील कोणत्याही ठाण्यातही तक्रार देता येते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 318 आणि दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे केलेल्या फसवणुकीसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 66-ड लागू होते. आरोपी परराज्यात आहे, पैसे दुसऱ्या राज्यातील खात्यात गेले आहेत, ‘आमच्या हद्दीत येत नाही’, अशी उत्तरे मिळाली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 चा शांतपणे उल्लेख करावा, कारण गुन्हा कुठेही घडला असला, तरी त्याची माहिती नोंदवून घेण्याची तरतूद त्या कलमात आहे. रक्कम एखाद्या खात्यात रोखली गेली असेल, तर ती तेवढ्याने आपल्या खात्यात परत येत नाही. त्यासाठी सर्वसाधारणपणे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे त्याच संहितेच्या कलम 503 खाली अर्ज करून आदेश मिळवावा लागतो. पुष्कळ लोक रक्कम रोखली गेल्याचा संदेश पाहून निश्चिंत होतात आणि हा अर्ज करायचे राहून जाते. तपास अधिकाऱ्याकडून रोखलेली रक्कम आणि खात्याचा तपशील लेखी घ्यावा आणि वकिलाच्या मदतीने अर्ज दाखल करावा.

बनावट लिलावाची काही लक्षणे वारंवार दिसतात. ओढून आणलेल्या गाड्यांच्या नावाने उघडलेल्या बनावट पानांवर बाजारभावाच्या निम्म्याने किंमत दाखवली जाते, गाडी प्रत्यक्ष पाहू दिली जात नाही, आणि बोली ‘लागल्यावर’ एकेक रक्कम मागितली जाते: आधी फाइल चार्ज, मग विमा, मग बँकेची ना-हरकत, मग आरटीओचा ट्रान्सफर. प्रत्येक वेळी ‘हे भरले की गाडी सुटते’ असे सांगितले जाते आणि आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. अशा साखळीत सापडल्याचे लक्षात आले, की पुढचा एक रुपयाही देऊ नये. दुसरा प्रकार हरलेल्या बोलीदाराच्या बाबतीत घडतो: ‘पहिल्या क्रमांकाच्या बोलीदाराने माघार घेतली आहे, वस्तू तुम्हाला देतो, पैसे मात्र थेट या खात्यावर पाठवा’ असा निरोप येतो. खऱ्या लिलावातही दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला संधी दिली जाते, पण ती संकेतस्थळाच्या आतच दिली जाते आणि पैसेही तिथेच भरले जातात. एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी, की यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. ‘परतावा पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असे म्हणणारा माणूस आणखी पैसे काढून घेत असतो.

वस्तू आली, पण वेगळी आली

वादाच्या प्रकरणात जिंकणे किंवा हरणे बहुतांशी पुराव्यावर ठरते, आणि हा पुरावा गोळा करण्याची वेळ पार्सल उघडण्यापूर्वीची असते. एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, राजारामपुरीतील एखाद्या घड्याळप्रेमी व्यक्तीने एचएमटीचे जुने ‘जनता’, हाताने चावी देण्याचे सतरा ज्वेलचे घड्याळ, लिलावात घेतले आहे, आणि वर्णनात ‘मूळ डायल, कोणतेही काम केलेले नाही’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. मूळ डायल असलेल्या घड्याळाला जाणकारांत किंमत असते. डायल नव्याने रंगवून छापलेले असेल, तर ती किंमत पार कोसळते. वरवर पाहता दोन्ही सारखीच दिसतात. भिंगाखाली मात्र नव्या छपाईची अक्षरे जाडसर आणि कडेला फिसकटलेली दिसतात, मिनिटांच्या रेघा समान अंतरावर नसतात, आणि डायलच्या तळाशी सहा आकड्याखाली असणारा बारीक मजकूर गायब असतो किंवा भलत्याच वळणाचा असतो.

हे पार्सल उघडताना दुसऱ्या कोणाला तरी मोबाइल धरायला सांगावे आणि मध्ये न थांबवता एकसलग चित्रण करावे. सुरुवातीला पार्सलच्या सहाही बाजू, पत्त्याचे लेबल आणि कुरिअरचा क्रमांक वाचता येईल इतक्या जवळून दाखवावा, चिकटपट्टी कुठे कापलेली किंवा पुन्हा चिकटवलेली आहे का ते दाखवावे, घरातील वजनकाट्यावर पार्सल ठेवून वजन दाखवावे, आणि मगच ते कापावे. लेबलवरचे वजन आणि काट्यावरचे वजन यांत फरक असेल, तर तो स्वतंत्र पुरावा ठरतो. आतली वस्तू बाहेर काढल्यावर ती कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर नेऊ नये, कारण ‘वस्तू तुम्हीच बदलली’ हा विक्रेत्याचा नेहमीचा बचाव असतो आणि चित्रणात खंड असेल, तर तो बचाव टिकतो.

त्यानंतर घड्याळ महाद्वार रोडवरच्या किंवा आपल्या ओळखीच्या एखाद्या जुन्या घड्याळजीकडे न्यावे, पण त्याला काहीही दुरुस्त करू देऊ नये. झाकण उघडून पाहिल्यास त्याने काय पाहिले ते दुकानाच्या लेटरहेडवर, तारीख आणि सहीसह, दोन-चार ओळींत लिहून घ्यावे: डायल पुन्हा छापलेले आहे, आतील यंत्रणा कोणत्या मॉडेलची आहे, पट्टा आणि काटे बदललेले आहेत का. सोन्याच्या दागिन्याच्या बाबतीत हेच काम मान्यताप्राप्त तपासणी व हॉलमार्किंग केंद्राचा अहवाल करतो, आणि तो गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, ओळखीच्या सराफाच्या तोंडी मतापेक्षा कितीतरी भक्कम असतो. हॉलमार्क असलेला दागिना शुद्धतेत कमी भरला, तर भारतीय मानक ब्युरोच्या 2018 च्या नियमांनुसार कमी पडलेल्या शुद्धतेच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मागता येतो. दागिन्यावरचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, ‘बीआयएस केअर’ ॲपवर आधीच तपासून पाहावा.

लिलावाचे पान ही दुसरी महत्त्वाची गोष्ट आहे, कारण लिलाव संपल्यावर ते बदलू किंवा नाहीसे होऊ शकते. वस्तूचा क्रमांक, पूर्ण वर्णन, सर्व छायाचित्रे, बोलींचा क्रम, विक्रेत्याचे नाव आणि परताव्याच्या अटी यांची प्रत त्याच दिवशी साठवून ठेवावी. ज्या मोबाइलवर संदेश आले आहेत, तो मोबाइल प्रकरण संपेपर्यंत विकू नये आणि संदेश पुसू नयेत. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायाधिकरणापुढे ठेवताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडावे लागते आणि ते मूळ उपकरणाशी निगडित असते.

आता विक्रेत्याला लेखी कळवायचे. माल विक्री अधिनियम, 1930 या जुन्या पण आजही लागू असलेल्या कायद्यात खरेदीदाराच्या बाजूने काही स्पष्ट तरतुदी आहेत. वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाबरहुकूम असलीच पाहिजे, ही कलम 15 मधील गर्भित अट आहे. वस्तू नाकारण्याचे न कळवता वाजवी काळ ती जवळ ठेवली, तर कलम 42 नुसार ती स्वीकारली असे धरले जाते, म्हणून हे पत्र दोन-तीन दिवसांतच जायला हवे. आणि कलम 43 नुसार, वेगळे काही ठरलेले नसेल तर, नाकारलेली वस्तू परत पोचवण्याची जबाबदारी खरेदीदारावर नसते. नाकारल्याचे कळवणे पुरेसे असते. ‘आधी स्वखर्चाने परत पाठवा, मग पैशाचे बघू’ असे सांगितले गेल्यास हे कलम उपयोगी पडते. पैसे मिळण्याची कोणतीही हमी नसताना वस्तू परत धाडणे मला तरी धोक्याचे वाटते, कारण त्यानंतर आपल्या हातात वस्तू नसते, पैसेही नसतात आणि पुरावाही नसतो. संकेतस्थळाने स्वतः परतीचे लेबल दिले, तर मात्र त्याच लेबलने, पुन्हा चित्रण करून, मुदतीत पाठवावी.

पत्राचा मजकूर साधा ठेवावा. उदाहरणार्थ: ‘आपल्याकडून अमुक क्रमांकाच्या लिलावात मी अमुक तारखेस घेतलेले घड्याळ मला अमुक तारखेस मिळाले. वर्णनात डायल मूळ असल्याचे नमूद केले होते. तपासणीत डायल पुन्हा छापलेले असल्याचे आढळले असून तपासणीची चिठ्ठी, छायाचित्रे आणि पार्सल उघडतानाचे चित्रण सोबत जोडले आहे. वस्तू वर्णनानुसार नसल्यामुळे मी ती नाकारत आहे. भरलेली पूर्ण रक्कम, टपालखर्चासह, सात दिवसांत ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने परत करावी. परतीची व्यवस्था आपण आपल्या खर्चाने करावी. तोपर्यंत वस्तू माझ्याकडे सुरक्षित आहे.’ यात संताप, धमकी किंवा शिवीगाळ येऊ देऊ नये, कारण हेच पत्र पुढे बँक आणि आयोग वाचणार आहेत. पत्र संकेतस्थळाच्या संदेशपेटीतूनच पाठवावे आणि ई-मेलवरही पाठवावे.

संकेतस्थळ आणि बँक

विक्रेत्याच्या उत्तराची वाट पाहत संकेतस्थळाची मुदत उलटू देऊ नये. परदेशातून लिलावात वस्तू घेणारे आपल्याकडचे बरेच लोक ईबेवर खरेदी करतात. ईबेची भारतीय ग्राहकांसाठीची स्वतंत्र बाजारपेठ ऑगस्ट 2018 मध्ये बंद झाली, तरी परदेशी संकेतस्थळावरून खरेदी करता येते. त्यांच्या परतावा हमीत वस्तू मिळाल्यापासून, किंवा न आल्यास ती येण्याच्या शेवटच्या अंदाजित तारखेपासून, 30 दिवसांत तक्रार उघडावी लागते. विक्रेत्याला उत्तरासाठी तीन कामकाजाचे दिवस मिळतात आणि त्यानंतर ईबेला मध्ये पडण्याची विनंती करता येते. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, तर परतीचा खर्च विक्रेत्याने करायचा असतो. पेपॅलने पैसे भरले असतील, तर तिथे 180 दिवसांत वाद नोंदवता येतो, पण नोंदवलेल्या वादाचे रूपांतर 20 दिवसांत दाव्यात करावे लागते, नाहीतर तो आपोआप बंद होतो. विक्रेते अनेकदा नेमके हे 20 दिवस गोड बोलून काढतात.

भारतातील संकेतस्थळांना ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 लागू आहेत. त्यानुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर दिलेला असावा लागतो, त्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि एका महिन्यात निवारण करावे लागते. सदोष, बनावट, जाहिरातीप्रमाणे नसलेला किंवा ठरल्या वेळेपेक्षा उशिरा पोचलेला माल परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असेही हे नियम सांगतात. उशीर अनिवार्य आपत्तीमुळे झाला असेल, तर मात्र तो अपवाद आहे. या अधिकाऱ्याचा क्रमांक संकेतस्थळाच्या आतूनच घ्यावा. सर्च इंजिनवर ‘कस्टमर केअर’ म्हणून दिसणारे अनेक क्रमांक ठगांनी पेरलेले असतात, आणि ते मोबाइलचा पडदा पाहता येणारे ॲप उतरवायला लावून उरलेले खातेही रिकामे करतात.

क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने पैसे भरले असतील, तर चार्जबॅक हा सर्वांत प्रभावी आणि तरीही लोकांना सर्वांत कमी माहीत असलेला मार्ग आहे. यात कार्ड देणारी आपली बँक विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम परत मागते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या अशा वादांत सर्वसाधारणपणे 120 दिवसांची मुदत असते, पण आपल्या बँकेची अंतर्गत मुदत त्याहून कमी असू शकते, म्हणून महिन्याभरातच अर्ज करावा. शाखेत गेल्यास तिथल्या कर्मचाऱ्याला चार्जबॅक ही गोष्ट ठाऊक असेलच असे नाही. ‘कार्ड व्यवहार वाद अर्ज’ मागावा किंवा कार्ड विभागाला ई-मेल करावा. अर्जात कारण एकच आणि नेमके लिहावे, जसे की वस्तू मिळाली नाही, वस्तू वर्णनाप्रमाणे नाही किंवा वस्तू बनावट आहे, आणि विक्रेत्याशी तडजोडीचा प्रयत्न केल्याचे पत्र जोडावे, कारण त्याशिवाय अर्ज सहज फेटाळला जातो. ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असे खोटे कारण कधीही लिहू नये. बोलीची नोंद विक्रेत्याकडे असते आणि तेवढ्यावर सगळे प्रकरण हातचे जाते.

यूपीआयने थेट एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर पाठवलेले पैसे बँक अशा वादात परस्पर परत ओढू शकत नाही. म्हणूनच ‘जीएसटी वाचेल, थोडे कमी करतो, बाहेरून पाठवा’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याला नकार द्यावा; हजार-पाचशे रुपये वाचवण्यासाठी आपण संकेतस्थळाची हमी आणि चार्जबॅक ही दोन्ही संरक्षणे सोडून देत असतो. बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत विनाशुल्क तक्रार करता येते. मात्र ती बँकेच्या सेवेतील त्रुटीबद्दल असते, विक्रेत्याच्या लबाडीबद्दल नसते.

ग्राहक आयोग

एवढे करूनही पैसे मिळाले नाहीत, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे मराठीतही बोलता येते. ही हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण मोठ्या कंपन्या तिच्याकडून आलेल्या तक्रारींची दखल घेतात. तिथेही दाद लागली नाही, तर कोल्हापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. विक्रेता दिल्लीचा असो वा सुरतेचा, ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 34 नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार दाखल करता येते, आणि दूरच्या विक्रेत्याविरुद्ध लढणाऱ्याच्या दृष्टीने ही या कायद्यातील सर्वांत मोलाची तरतूद आहे. वस्तूसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाखांपर्यंत आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. वकील सक्तीचा नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते, आणि अर्ज केल्यास सुनावणीला दूरचित्रसंवादाने हजर राहता येते.

तक्रारीत विक्रेता आणि लिलावाचे संकेतस्थळ या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. ‘आम्ही केवळ मध्यस्थ आहोत’ असा बचाव संकेतस्थळ घेईल. तो टिकतो की नाही हे आयोग ठरवेल, पण संकेतस्थळाला वगळले तर विक्रेत्याचा खरा पत्ता मिळवण्यातच वर्ष जाऊ शकते. मागणीत रक्कम, तिच्यावरील व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च हे सर्व स्वतंत्रपणे लिहावे, कारण जे मागितले नाही ते सहसा मिळत नाही.

उद्यमनगरातील कारागिराचा प्रश्न येथे येतो. व्यापारी हेतूने किंवा पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याखाली ‘ग्राहक’ ठरत नाही. मात्र स्वतः राबून, स्वयंरोजगारातून, केवळ उदरनिर्वाहासाठी वापरायला घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरली जात नाही. म्हणून स्वतः लेथवर उभा राहणाऱ्या माणसाने ‘हे यंत्र मी स्वतः चालवतो आणि माझे घर यावरच चालते’ हे वाक्य तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे आणि त्याला पूरक कागद जोडावेत. दहा-वीस कामगार ठेवून कारखाना चालवणाऱ्याला मात्र दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते, आणि त्यासाठी सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची असते. विक्रेता व्यापारी नसून आपली घरातली जुनी वस्तू एकदाच विकणारी खासगी व्यक्ती असेल, तर तिच्याविरुद्धही आयोगापेक्षा दिवाणी दावाच अधिक सुरक्षित असतो.

बोली खोटी फुगवली गेल्याचा संशय असेल, तर माल विक्री अधिनियमाचे कलम 64 वाचावे. विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क जाहीरपणे राखून ठेवला नसताना स्वतः किंवा हस्तकामार्फत बोली लावली, तर खरेदीदार त्या विक्रीला कपटाची विक्री मानू शकतो. किंमत वाढवण्यासाठी विक्रेत्याने लटक्या बोलींचा वापर केला, तर विक्री रद्द करण्याचा पर्याय खरेदीदाराला असतो. साठवून ठेवलेला बोलींचा क्रम येथे उपयोगी येतो: एकच अनोळखी खाते एकाच विक्रेत्याच्या प्रत्येक वस्तूवर बोली लावते आणि कधीच जिंकत नाही, हे त्यातून दाखवता येते.

बँकांच्या जप्त मालमत्तेचे ई-लिलाव हे वेगळे क्षेत्र आहे. घर किंवा जागेच्या अशा लिलावात बोली मंजूर झाल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत अनामतीसह 25 टक्के रक्कम भरावी लागते, उरलेली सर्वसाधारणपणे विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत भरावी लागते, आणि ती भरली नाही, तर आधीची रक्कम जप्त होते. कर्ज मिळाले नाही हे कारण तिथे चालत नाही. बँकेने मालमत्तेवरील थकबाकी किंवा चालू दावा लपवला असेल, तर बोलीच्या अटींचा कागद घेऊन या विषयातील वकिलाला तातडीने भेटावे, कारण कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत 45 दिवसांची आहे.

आयोगाचा आदेश मिळूनही विक्रेता पैसे देत नसेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 71 खाली अंमलबजावणीचा अर्ज करता येतो आणि आदेश न पाळणाऱ्याला कलम 72 नुसार एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद, किमान 25 हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या काळात ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा’ असे सांगणारे फोनही येतात; फसलेल्या लोकांचे क्रमांक ठगांमध्ये फिरत असतात, आणि फोन करणारा कधी स्वतःला सायबर पोलीस म्हणवतो, कधी रिझर्व्ह बँकेचा अधिकारी. सायबर पोलीस किंवा रिझर्व्ह बँक रक्कम सोडवण्यासाठी फोनवरून फी मागत नाहीत. असा क्रमांक लिहून घ्यावा आणि आपल्या मूळ तक्रारीच्या क्रमांकासह तपास अधिकाऱ्याला कळवावा.